पावणेदोन खोल्या

आपल्या भाषेने पुऱ्या संख्यांपेक्षा अपुऱ्या संख्यांचेच लाड अधिक केले आहेत, अशी माझी फार दिवसांची समजूत आहे. देवापुढे ठेवायची दक्षिणा सव्वा रुपया असते. झाकली मूठ असते ती सव्वा लाखाची. शेराला शेवटी जो भेटतो तो सव्वाशेर. शहाणपण प्रमाणाबाहेर गेले की माणूस दोनशहाणा होत नाही, दीडशहाणा होतो. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालतो, माणसाचा देह साडेतीन हातांचा, आणि शनिमहाराज पाठीस लागतात तेही साडेसात वर्षे. एका राशीत त्यांचा मुक्काम सुमारे अडीच वर्षांचा आणि फेरा तीन राशींचा. ज्याला अडीचकी पाठ आहे त्याला 'तीन अडीच साडेसात' हे कळायला ज्योतिषाकडे जावे लागत नाही. देवलांच्या 'शारदा' नाटकातला तो हौशी म्हातारा पंच्याहत्तर वर्षांचा आहे असे म्हटले तर ते नुसते वय झाले. पाऊणशे म्हटले की शंभराला अजून पाव कमी आहे, असा दिलासा त्यात येतो आणि म्हाताऱ्याला पुन्हा बोहल्यावर चढायला हुरूप येतो!

गणिताच्या पुस्तकात या सगळ्या गोतावळ्याला एक रुक्ष नाव आहे. पूर्णांकयुक्त अपूर्णांक. म्हणजे एक आख्खी संख्या आणि तिला चिकटलेला एक तुकडा. अपूर्णांकात रेघेच्या वर असतो तो अंश आणि खाली असतो तो छेद, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. छेद मोठा असला तर तो छेदाधिक अपूर्णांक. तीन छेद चार हा असा. अंश मोठा असला तर तो अंशाधिक. सात छेद चार हा तसा. या अंशाधिकाचे पूर्णांकयुक्तात रूपांतर करण्याची रीतही सोपी. अंशाला छेदाने भागावे. भागाकार येईल तो पूर्णांक. बाकी उरेल ती अंशाच्या जागी मांडावी. छेद होता तोच ठेवावा. सातात चार एकदा जातात, बाकी उरतात तीन. म्हणून सात छेद चार म्हणजे एक पूर्णांक तीन छेद चार.

माझा मुलगा यंदा सहावीत आहे. अशी दहा उदाहरणे तो दहा मिनिटांत हातावेगळी करतो. परवा त्याची वही पाहता पाहता मी त्याला सहज विचारले, "एक पूर्णांक तीन छेद चार म्हणजे किती रे?"

"एक पूर्णांक तीन छेद चार," तो म्हणाला.

"अरे हो, पण म्हणजे किती?"

उत्तराचेच उत्तर मागणाऱ्या आईकडे मुलाने जसे पाहावे तसे त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "पावणेदोन."

"ते तर घड्याळात असतं!" तो म्हणाला.

मला हसू आले, पण मुलगा चूक बोलला नव्हता. आमच्या घरात पावणेदोन आता फक्त घड्याळातच उरले आहेत, आणि तिथेही किती दिवस राहतील कोण जाणे. भिंतीवरच्या काट्यांच्या घड्याळात पावणेदोन वाजतात. हातातल्या फोनवर मात्र एक पंचेचाळीस होतात. दोन वाजायला आता थोडाच अवकाश आहे, ही जी हुरहूर पावणेदोनात आहे, ती एक पंचेचाळीसमध्ये औषधालाही सापडत नाही.

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे आकड्यांपेक्षा आकड्यांची नावे मला अधिक ओळखीची. दीड हा शब्द पाहा. संस्कृतातल्या द्व्यर्धापासून प्राकृतात दिवड्ढ झाला आणि त्याचा मराठीत दीड. अर्थ असा, की ज्यातला दुसरा अर्धा आहे ते. पहिला पुरा, दुसरा अर्धा. अडीच आले अर्धतृतीयापासून. दोन पुरे, तिसरा अर्धा. औट म्हणजे साडेतीन. तो आला अर्धचतुर्थापासून. तीन पुरे, चौथा अर्धा. गंमत अशी की जर्मन भाषेतही दीडाला जो 'आंडरथाल्ब' शब्द आहे, त्याचा अर्थ हाच, दुसरा अर्धा. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. आणि पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणे. दीड आणि अडीच यांनी आपापली स्वतंत्र गादी स्थापन केली असल्यामुळे साडेएक, साडेदोन असे आपण कधी म्हणत नाही. साड्यांचे राज्य सुरू होते ते तिनापासून.

तेव्हा शाळेत मुलाला जी रीत शिकवतात ती आपल्या भाषेने केव्हाच उरकून ठेवलेली आहे. तीन अर्धे, सात पाव असे कोणी मराठी माणूस बोलत नाही. तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत भागाकार होऊन गेलेला असतो, पूर्णांक वेगळा निघालेला असतो आणि बाकी त्याच्या शेजारी मानाने बसलेली असते. ज्या बायकांना सही येत नव्हती, त्या बाजारात उभ्या राहून हे रूपांतर घडोघडी करीत.

त्यांचा सगळा संसारच पावात आणि अर्ध्यात मोजलेला होता. शेर, अच्छेर, पावशेर आणि त्याच्या निम्मे अदपाव किंवा नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट, पया एकशे ब्याण्णव. सोळाचे पाव करा, अर्धे करा, कुठेही तुकडा पडत नाही. पाऊण रुपया म्हणजे सरळ बारा आणे. म्हणून शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढच्या वर्षापासून शेर जाऊन किलो येऊ लागला, आणि या पाढ्यांचे दिवस भरले. जुनी पावली गेली तरी पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक बरीच वर्षे चार आणेच म्हणत राहिले. २०११ साली ते नाणेही चलनातून गेले. दशमान पद्धत सोयीची आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण दशांशचिन्हात एक व्हावयाचे ते झालेच. एक पूर्णांक पंचाहत्तर असे लिहिले की तो तुकडा कितीजणांत वाटला होता, याची खूणच पुसली जाते. अपूर्णांकात ती खूण छेदाच्या रूपाने खाली टिकून राहते.

भास्कराचार्यांना ही खूण मोलाची वाटत होती. ११५० साली त्यांनी लिहिलेल्या 'लीलावती'त अपूर्णांकांच्या वेगवेगळ्या जाती सांगितल्या आहेत. त्यातली एक भागानुबंध. पूर्ण संख्येला तिच्यात मिळवलेला भाग बांधून द्यायचा, ती ही जात. आपले सव्वा आणि साडे तिच्या कुळातले. दुसरी भागापवाह. पूर्ण संख्येतून भाग काढून न्यायचा, ती ही. आपले पावणे तिच्यातले. त्या काळी अंश आणि छेद यांच्यामध्ये रेघ मारण्याची चाल आपल्याकडे नव्हती. वर पूर्णांक, त्याच्याखाली अंश, सगळ्यांत खाली छेद, अशी उभी मांडणी असे. भाग वजा करायचा असेल तर त्याच्या डोक्यावर एक टिंब. अनुबंध हा शब्द मला फार आवडतो. अपूर्णांक पूर्णांकाला नुसता चिकटत नाही. तो त्याला बांधलेला असतो.

इंग्रजीत मात्र अंशाधिक अपूर्णांकाला 'इम्प्रॉपर' म्हणतात. म्हणजे अनुचित, जरा गैरच. जणू अंशाने आपल्या पायरीने राहायला हवे होते आणि तो छेदाच्या डोक्यावर चढून बसला! मराठीने असा काही ठपका ठेवलेला नाही. अंश अधिक आहे एवढेच ती सांगते. आणि तसे पाहिले तर या बिचाऱ्या अंशाधिकावाचून गुणाकार अडतो. यंदाच्याच फराळाचे घ्या. एका घाण्याला पावणेदोन वाट्या रवा लागतो आणि साडेतीन घाणे काढायचे आहेत. पावणेदोनाला साडेतिनांनी गुणायला बसलात तर डोके चालेनासे होते. पण पावणेदोनाचे सात छेद चार करा, साडेतिनांचे सात छेद दोन करा. साती साती एकोणपन्नास आणि चार दुणे आठ. एकोणपन्नास छेद आठ. आता पुन्हा उलटे फिरा. एकोणपन्नासात आठ सहा वेळा जातात, बाकी एक. सहा वाट्या आणि वर अदपाव. हिशेब करताना अंशाधिक बरा, पण डब्यातून रवा काढताना पूर्णांकयुक्तच हवा. कारण किती आख्खे आणि वर किती तुटके, हे कळल्याशिवाय हात पुढे होत नाही.

या तुटक्याला आपल्या लोकांनी कधी कमी लेखले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. देवीची शक्तिपीठे साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही पुरी, आणि वणीची सप्तशृंगी अर्धी. पण म्हणून वणीचा गड कोणी अर्ध्या भक्तीने चढत नाही. पेशवाईतले शहाणे साडेतीन. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन पुरे. नाना फडणवीस अर्धा, कारण शहाणपणाला तलवारीची जोड नव्हती. आज त्या तीन पुऱ्यांची नावे सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, अर्ध्याचे नाव मात्र लहान मुलालाही ठाऊक असते. मेणवलीला कृष्णाकाठी त्या अर्ध्या शहाण्याचा वाडा अजून उभा आहे. तिथून जवळच वाई. वाईला आमचे घर आहे, आणि त्या घरातही एक अर्धे माणूस होते. पण तिचे अर्धेपण हे असे मानाचे नव्हते.

ती माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच ती विधवा होऊन माहेरी परत आली होती. शिक्षण सातवीपर्यंतचे, अक्षर मोत्यासारखे, पाढे औटकीपर्यंत पाठ. लग्नमुंजीचे आमंत्रण घेऊन कोणी आले आणि "घरची पानं किती धरायची?" असे विचारले, की आजोबा ओटीवरून म्हणायचे, "साडेसहा." आजोबा, आजी, बाबा, आई, काका, काकू हे सहा. आम्हा मुलांना कोणी मोजतच नसे. एकदा मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले, "आत्या, ते अर्धं कोण गं?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी. मी एक वेळच जेवते ना, म्हणून अर्धी."

हे तिने इतक्या सहजपणे सांगितले की जणू चार पाव एक असे सांगत होती. पुढे पुष्कळ दिवस मला त्या हिशेबात काही वावगे दिसले नाही, कारण तो हिशेब चुकलेला नव्हता. दिवसाकाठी जेवणे दोन, त्यातले तिचे एक. एक छेद दोन.

आजोबा गेले १९९० साली. मृत्युपत्र केलेले नव्हते. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले, खोल्या सात. महिना-दीड महिना गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. भांडण नव्हते; पण काकांना कर्ज काढून खालची एक बाजू दुरुस्त करायची होती आणि त्यासाठी कोणाचे काय हे कागदावर यायला हवे होते. नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ मध्यस्थ म्हणून बोलावले. मी तेव्हा सहावीत होते, म्हणजे माझ्या मुलाच्याच वयाची, आणि माजघराच्या उंबऱ्यात बसून सगळे ऐकत होते.

मध्यस्थांनी कागद मागवला. म्हणाले, "वहिनी आणि दोघं मुलगे, तीन वाटे. खोल्या सात. तीन दुणे सहा. प्रत्येकी दोन झाल्या, बाकी राहिली एक. ती हिला राहायला असू द्या. ती कुठं जाणार आहे?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. उलट आपण एक आख्खी खोली तिला देत आहोत, असेच त्यांना वाटत असावे. बाबा गप्प होते. काकांनी मान हलवली. आजी पदराने डोळे पुसत होती. त्या हिशेबात आत्याचे नाव छेदात नव्हते, अंशातही नव्हते. ती बाकी होती.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली, माझ्यासमोरची पेन्सिल तिने उचलली आणि त्याच कागदावर तिने सात लिहिले, खाली रेघ मारली आणि रेघेखाली चार लिहिले.

"वाटे चार," ती म्हणाली. "मुलीलाही वाटा असतो. वकिलांनी बाबांना सांगितलं होतं, मी ऐकलंय. सातात चार एकदा गेले. उरले तीन. ही बाकी टाकायची नसते, चारावर मांडायची असते. प्रत्येकाच्या पावणेदोन खोल्या."

कायद्याने ती बरोबर होती. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा, हे १९५६ च्या वारसा कायद्यानेच ठरवले आहे. मात्र राहत्या घराची वाटणी मुलीने आपण होऊन मागायची नाही, भावांनी ती काढली तरच तिचा वाटा वेगळा निघायचा, अशी एक मेख त्या कायद्यात होती. ती २००५ च्या दुरुस्तीने निघाली. इथे वाटणी भावांनीच काढली होती.

मध्यस्थ हसले. म्हणाले, "अगं, पण पाऊण खोली कशी काढायची? भिंती घालायच्या का?"

"भिंती कशाला?" आत्या म्हणाली. "एकेक खोली ज्याची त्याची. चार पाऊण तीन. तीन खोल्या चौघांच्या. ओटी, माजघर आणि हे स्वयंपाकघर."

मग कोणी फार बोलले नाही. पाउणकीतल्या एका ओळीने वाटणी संपवली होती.

अंशाधिक अपूर्णांकाचे रूपांतर का करायचे, असे मला वर्गात कोणी विचारले असते तर त्या दिवसापासून मला उत्तर देता आले असते. सात छेद चार असे नुसते लिहून ठेवले तर सात खोल्या आणि चार माणसे एवढेच कळते. पूर्णांक वेगळा काढला की आपले एकट्याचे किती आणि सगळ्यांच्यात मिळून किती, हे वेगवेगळे दिसू लागते. एक माझी. तीन छेद चार आपली. आणि तो खालचा चार, जो रूपांतरात कधी बदलत नाही, तो आपण किती जण आहोत हे विसरू देत नाही.

आत्याने माडीवरची, नदीकडे खिडकी असलेली खोली घेतली. तोपर्यंत इतकी वर्षे ती माजघरात आम्हा मुलांच्या रांगेत झोपत असे आणि तिचे कपडे कोठीतल्या एका ट्रंकेत असत. त्या रात्री ती वर गेली आणि तिने आतून कडी लावली. जुन्या घरातली लोखंडी कडी. तिचा आवाज खाली माजघरापर्यंत आला. आजीने अंधारात विचारले, "कडी लावली का गं तिनं?" आई म्हणाली, "हो." एवढेच. सकाळी आत्या नेहमीच्या वेळेला खाली आली आणि तिने चूल पेटवली. फरक पडला तो इतकाच, की त्यानंतर कधीतरी ती रात्रीचे जेवू लागली. कधीपासून ते कोणाच्या नीटसे लक्षात आले नाही. पुढे आमंत्रण घेऊन आलेल्या कोणी "किती पानं?" विचारले तर बाबा सांगत, "सहा." आजोबा वजा झाले होते, आणि अर्धे पुरे झाले होते.

पुढचे गणित काळाने सोडवले. १९९८ साली आजी गेली. तिचा वाटा तिघा मुलांत आला आणि घर सात छेद तीन झाले. सातात तीन दोनदा जातात, बाकी एक. प्रत्येकाला दोन खोल्या आणि वर एक तृतीयांश. या तृतीयांशाला मराठीत सव्वा-दीडासारखे घरगुती नाव नाही. पावाच्या आणि अर्ध्याच्या घराण्यात तिसऱ्या हिश्शाची कधी सोयरीकच झाली नाही. आजीची खोली आत्याकडे आली, माजघर बाबांकडे, ओटी काकांकडे. सामाईक उरले फक्त स्वयंपाकघर. २००९ साली आत्या गेली. तिला मूलबाळ नव्हते. वडिलांकडून आलेली मिळकत तिच्यामागे वडिलांच्याच वारसांकडे परत आली, म्हणजे दोघा भावांकडे. सात छेद दोन. साडेतीन. तीन माझ्या, तीन तुझ्या, आणि स्वयंपाकघर अर्धे अर्धे. एका भिंतीला आईचा ओटा, समोरच्या भिंतीला काकूचा. दोघींच्या फोडण्या एकमेकींत मिसळत, आणि कोणाच्या आमटीत काय कमी आहे हे वासावरूनच कळत असे.

मग काका-काकू मुलाकडे पुण्याला गेले. २०१६ साली काकांनी बाबांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. आता सात छेद एक. इथे भाग पुरा जातो. बाकी शून्य. अपूर्णांकाचा पत्ता नाही. सगळ्या सात खोल्या बाबांच्या, एकट्याच्या. त्यानंतर तीन वर्षांनी आई गेली, आणि एकट्याच्या हा शब्द खरोखरच एकट्याचा झाला.

छेद जसजसा लहान होत जातो तसतसा पूर्णांक वाढत जातो, हे सूत्र पुस्तकात आहे. पूर्णांक वाढणे म्हणजे वाटेकरी कमी होणे, हे पुस्तकात नाही. ते कळायला एखादे घर तीस-पस्तीस वर्षे पाहावे लागते. पूर्ण संख्येसारखी स्वच्छ गोष्ट नाही. तिच्यात कोणाचे देणे नाही, कोणाशी वाटाघाट नाही, आणि समोरच्या ओट्यावरून "मीठ घातलं का गं?" असे विचारणारे कोणी नाही. बाबा माजघर आणि स्वयंपाकघर वापरतात. बाकीच्या पाच खोल्यांना कुलपे आहेत. आठवड्यातून एकदा ते ती उघडतात, वारा खेळू देतात आणि पुन्हा लावतात. आत्याच्या खोलीला मात्र बाहेरून कुलूप नाही. तिला नुसती आतली कडी आहे, आणि ती अर्थात उघडी असते.

वर्षाचे मुहूर्त साडेतीन. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया आणि विजयादशमी हे तीन पुरे. उरलेला अर्धा म्हणजे दिवाळीचा पाडवा, बलिप्रतिपदा. तिन्ही पुऱ्या मुहूर्तांना आम्ही आपापल्या घरी असतो. गुढी आपल्या दारी उभारतो, सोने आपल्या शेजाऱ्यांना वाटतो. या अर्ध्या मुहूर्ताला मात्र सगळे वाईला जमायचे, असा आता पायंडाच पडला आहे. काका, काकू, चुलतभाऊ, वहिनी, त्यांची मुलगी, इकडून मी, आमचे हे आणि मुलगा, आणि बाबा. मोजून नऊ माणसे.

गेल्या पाडव्याला अंथरुणे घालताना मुलाने आपण होऊन हिशेब केला. खोल्या सात, माणसे नऊ. सात छेद नऊ. सातात नऊ जातच नाहीत. हा छेदाधिक, याचे पूर्णांकयुक्तात रूपांतर होत नाही. आख्खी खोली कोणाच्याच वाट्याला येत नव्हती. "मग काय करायचं?" त्याने विचारले.

"सगळ्यांनी माजघरात झोपायचं," बाबा म्हणाले, आणि कोठीतून जास्तीच्या सतरंज्या काढायला ते स्वतः उठले.